दाताची नस परत उगवते का? पल्प रिजनरेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पल्प म्हणजे नक्की काय? आपण नस म्हणतो तेच ना?

हो तेच, पण "नस" शब्दाने जरा घोळ होतो. ऐकणाऱ्याला वाटतं दाताच्या आत एक वायर आहे, दुखायला लागली की ओढून काढायची, विषय संपला. खरं तर दाताच्या मधल्या पोकळीत एक मऊ गुलाबी टिश्यू असतो, त्यात रक्तवाहिन्या, नर्व्ह, जंतूंशी लढणाऱ्या पेशी, तंतू बनवणाऱ्या पेशी असं अख्खं एकत्र कुटुंब राहतं, आणि कडेला, डेंटिनला म्हणजे इनॅमलच्या आतल्या कडक थराला चिकटून, ओडोन्टोब्लास्ट नावाच्या पेशी खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभ्या असतात. डेंटिन बनवतात त्या ह्याच. प्रत्येकीची एक लांब शेपटी डेंटिनमधल्या बारीक नळीत शिरलेली असते, ही रांग लक्षात ठेवा कारण पुढे सगळी भांडणं ह्या रांगेवरूनच आहेत.

आणि हे सगळं किती छोटं आहे माहितीये? मोठ्या माणसाच्या ३२ च्या ३२ दातांमधला पल्प एकत्र केला तरी साधारण ०.३८ मिली भरतो. म्हणजे अर्धा मिलीसुद्धा नाही. जिवंत पल्प अख्खा बाहेर आला तर गॉझवर ओल्या गुलाबी दोऱ्यासारखा पडतो, टोकाला जरा रक्त. मेलेला पल्प अख्खा येतच नाही, करडा लगदा फाईलला, म्हणजे कॅनाल साफ करायच्या बारीक सुईला लागून येतो आणि त्याचा वास एकदा घेतला की विसरता येत नाही.

रूट कॅनाल इतकं छान चालतं, मग हा पल्प परत उगवायचा उद्योग कशाला?

मोठ्या माणसाच्या दाताला रूट कॅनाल खरंच चांगलं चालतं, त्यात वाद नाही, आणि जो कोणी "रूट कॅनाल आता जुनं झालं" म्हणून सांगतो त्याच्याकडे थोडं सावधपणे बघा. खरा प्रश्न लहान मुलांच्या दातांचा आहे.

वरचे पुढचे कायमचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात पण तेव्हा त्यांचं मूळ अर्धवटच असतं, दात तोंडात दिसायला लागल्यावर मूळ पूर्ण व्हायला अजून साधारण तीन वर्षं लागतात. नेमक्या ह्याच वयात पोरं सायकलवरून पडतात, झोपाळ्याची फळी तोंडावर घेतात, एकमेकांच्या डोक्यावर आपटतात. दाताला मार बसतो, रक्तपुरवठा तुटतो, पल्प मरतो, आणि पल्प मेला की मुळाची वाढ आहे तिथे थांबते. आता एक्सरे बघितला तर मूळ आखूड, भिंती पातळ आणि खालचं टोक बंद व्हायच्या ऐवजी कर्ण्यासारखं उघडं. अशा कॅनालमध्ये, म्हणजे मुळातल्या पोकळीत, नेहमीचं गटापर्चा (रूट कॅनालमध्ये भरतात ते रबरासारखं) भरायला गेलात तर ते टोकातून सरळ बाहेर, अडायला काही नाहीच ना.

ह्याला आजवर उपाय म्हणजे एपेक्सिफिकेशन. आधी महिनोन् महिने कॅल्शियम हायड्रॉक्साईड भरून ठेवायचे, टोकाशी कडक पडदा तयार व्हायची वाट बघायची, नंतर एमटीए, म्हणजे दातात घट्ट होणारं एक प्रकारचं सिमेंट, आल्यावर थेट एमटीएचा बूच मारायची सोय झाली. टोक बंद होतं, इन्फेक्शन बरं होतं, सगळं ठीक, पण भिंती मात्र आठ वर्षांच्या मुलाच्या होत्या तशाच पातळ राहतात आणि दात वापरायचा असतो पुढची साठ वर्षं. मग कधीतरी साधा धक्का लागतो आणि दात मानेपाशी मोडतो. म्हणून लोकांच्या डोक्यात आलं की टोक बंद करण्यापेक्षा आत जिवंत काहीतरी आणता आलं तर मूळ स्वतःच वाढेल.

रिव्हॅस्क्युलरायझेशन आणि पल्प रिजनरेशन एकच का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात.

रिव्हॅस्क्युलरायझेशन म्हणजे रिकाम्या कॅनालमध्ये परत रक्त आणि जिवंत टिश्यू येणं. आत आलेला टिश्यू कसला, हे त्या शब्दात नाही. पल्प रिजनरेशन म्हणजे खरा पल्प, ती ओडोन्टोब्लास्टची रांग, नर्व्ह, नळ्या असलेलं नवं डेंटिन, सगळं जागच्या जागी. पहिलं जगभर चेअरवर, म्हणजे रोजच्या दवाखान्यात होतंय. दुसरं माणसांमध्ये बोटावर मोजण्याइतक्या प्रयोगांत झाल्याचं दिसलंय. पेपरांची टायटलं आणि जाहिराती मात्र दोघांना एकच नाव देतात, "रिजनरेटिव्ह एंडोडॉन्टिक्स", आणि पेशंट बिचारा समजतो की आपल्या पोराच्या दातात नवी नस आली.

ही कल्पना नवीन आहे का?

अजिबात नाही. नॉर्वेच्या नायगार्ड-ओस्टबी यांनी १९६१ मध्येच कॅनालमध्ये मुद्दाम रक्त आणून गुठळी होऊ दिली आणि त्यात काय वाढतं ते बघितलं. वाढला तो तंतुमय टिश्यू, पल्प नाही. मग बरीच वर्षं विषय थंड. २००१ मध्ये जपानमधल्या इवाया आणि सहकाऱ्यांनी एका कच्च्या मुळाच्या, पू झालेल्या दाताची केस छापली, त्यात कॅनाल फाईलने न घासता औषधांनीच साफ केला आणि पुढे मूळ जाड होत गेलं. २००४ मध्ये बँक्स आणि ट्रोप यांनी तीच गोष्ट पायरी पायरीने लिहून काढली, आणि तिथून जगभर लोकांनी हात घातला.

चेअरवर नेमकं काय करतात? दुखतं का?

दोन सिटिंग लागतात, कधी तीन.

पहिल्या सिटिंगला रबर डॅम (दाताभोवती लावायचा रबराचा पडदा) लावून दात उघडतात आणि कॅनाल धुतात, फक्त धुतात, घासत जवळजवळ नाहीत कारण भिंती आधीच पातळ आहेत. धुवायला सोडियम हायपोक्लोराईट, पण नेहमीपेक्षा सौम्य, १.५ टक्के, प्रत्येक कॅनालला २० मिली, पाच मिनिटं सावकाश. सौम्य का? तर हायपोक्लोराईट जंतू मारतं तसंच टोकाशी टिकून राहिलेल्या स्टेम सेल्सनाही, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशींनाही, मारतं, आणि तीव्र वापरलं तर डेंटिनचा पृष्ठभाग असा करून ठेवतं की नंतर त्यावर पेशी बसायलाच तयार होत नाहीत. मग आत कॅल्शियम हायड्रॉक्साईड किंवा तीन अँटिबायोटिकची पेस्ट ठेवून दात तात्पुरता बंद. ती पेस्ट म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल आणि मिनोसायक्लिन, आणि हिचीही तीच गत, पूर्वी घट्ट चिखलासारखी भरायचे, मग लॅबमध्ये दिसलं की इतक्या घट्ट पेस्टमध्ये स्टेम सेल्स सरळ मरतात, म्हणून आता पातळ, एका मिलीला काही मिलीग्रॅम एवढीच.

एक ते चार आठवड्यांनी दुसरी सिटिंग. ह्या वेळी भूल देतात ती ॲड्रिनलिन नसलेली, सहसा ३ टक्के मेपिव्हाकेन, कारण ॲड्रिनलिनने रक्तवाहिन्या आवळतात आणि आज आपल्याला रक्तच हवंय. औषध धुवून काढायचं, १७ टक्के ईडीटीएने कॅनाल धुवायचा, पेपर पॉईंटने कोरडा करायचा, आणि मग एक फाईल टोकाच्या साधारण दोन मिलीमीटर पलीकडे नेऊन फिरवायची. आयुष्यभर जे करू नका म्हणून शिकवलं ते इथे मुद्दाम करायचं! पहिल्यांदा करताना हात कचरतो, खोटं कशाला बोलू.

मग वाट बघायची. मायक्रोस्कोपमधून दिसतं, आधी तळाशी एक लाल ठिपका, मग तो हळूहळू वर चढत येतो, विहिरीला पाणी लागल्यासारखा. हिरडीच्या पातळीच्या जरा खाली आला की थांबवायचा. ओल्या कापसाच्या बोळ्याने हलकं दाबून ठेवायचं, काही मिनिटांत वरचा भाग चकचकीत जेलीसारखा होतो, त्यावर कोलॅजनचा तुकडा आणि त्यावर एमटीए किंवा त्याच जातीच्या बायोडेंटिनचा तीनेक मिलीमीटरचा थर. हा थर बसवणं म्हणजे पाण्यावर ओली वाळू पसरवण्यासारखं आहे, जरा जोर झाला की सगळं खाली बुडतं. वरून पक्कं फिलिंग, झालं काम.

दुखण्याचं म्हणाल तर भूल असते त्यामुळे फारसं नाही, फाईल टोकाबाहेर जाते तेव्हा थोडं टोचल्यासारखं वाटू शकतं.

पण रक्ताच्या गुठळीतून टिश्यू कसा काय तयार होतो?

गुठळी स्वतः काही करत नाही, ती नुसती चौकट. खरा माल रक्ताबरोबर वर येतो. कच्च्या मुळाच्या टोकाशी एपिकल पॅपिला नावाचा मऊ गोळा असतो, त्यात भरपूर स्टेम सेल्स असतात, आणि दाताच्या आजूबाजूला पू झाला तरी ह्यातल्या काही पेशी तग धरून राहतात, चिवट असतात. २०११ मध्ये लव्हलेस आणि सहकाऱ्यांनी कॅनालमध्ये आलेलं हे रक्त तपासलं तर अंगातल्या इतर रक्ताच्या तुलनेत त्यात स्टेम सेल्सच्या खुणा शेकडो पट जास्त सापडल्या. म्हणजे ती फाईल टोकाबाहेर फिरवणं हा आंधळा प्रकार नाहीये, आपण नकळत स्टेम सेल ट्रान्सप्लांटच करत होतो.

आणि ईडीटीए उगाच नाही वापरत. डेंटिन तयार होताना त्यात टीजीएफ-बीटासारखी वाढीची प्रथिनं अडकून पडलेली असतात, भिंतीत पुरलेल्या नाण्यांसारखी. ईडीटीए वरचा कॅल्शियम काढतं तशी ती मोकळी होतात आणि पेशींना बोलावतात, इकडे या, इथे काम आहे.

मग आत खरा पल्प तयार होतो की नाही?

बहुतेक वेळा नाही.

एक्सरेमध्ये मूळ जाड दिसतं, लांब दिसतं, पेशंट खूश, डॉक्टर खूश. पण प्राण्यांच्या दातांचे आणि काही कारणाने काढाव्या लागलेल्या माणसांच्या दातांचे काप करून मायक्रोस्कोपखाली ठेवले तेव्हा वेगळंच दिसलं. आतून भिंतीला जो थर लागून मूळ जाड झालं होतं तो डेंटिन नव्हता, सिमेंटमसारखा होता, म्हणजे मुळाच्या बाहेरून असतो तो पदार्थ. मधे कुठे हाडासारखी बेटं, कुठे दात हाडाला बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटसारखे तंतू. ओडोन्टोब्लास्टची रांग नाहीच. घरचे लोक गेले आणि शेजारी राहायला आले, असं म्हणा हवं तर. घर रिकामं पडून राहण्यापेक्षा बरंच आहे, दिवा लागतो, पण घरचे ते घरचे.

म्हणून आमच्यातले जरा काटेकोर लोक ह्याला रिपेअर म्हणतात, रिजनरेशन म्हणत नाहीत, आणि मला ते पटतं. कॉन्फरन्सला ह्यावर मोठमोठ्याने वाद होतात, पण पोराचा दात टिकला, पू गेला, हाड भरून आलं तर आईवडिलांना सिमेंटम काय आणि डेंटिन काय, सारखंच. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.

अपवादही आहेत, पल्पचा थोडा भाग जिवंत राहिला असेल तर त्या भागातून खरं डेंटिन बनलेलंही सापडलंय. पण तो वाचलेल्या पल्पचा पराक्रम, आपला नाही.

यश-अपयश कशावर ठरतं?

जंतूंवर. बाकी सगळं त्यानंतर.

१९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड ह्या तिघांनी उंदरांवर एक साधासा प्रयोग केला. काही उंदीर नेहमीचे, काही पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेले. दोन्हीकडे दाताला भोक पाडून पल्प उघडा केला आणि तसाच सोडून दिला, अन्नाचे कण आत अडकले तरी. नेहमीच्या उंदरांचे पल्प सडले, पू झाला. जंतू नसलेल्या उंदरांचे पल्प तशाच उघड्या अवस्थेत जिवंत राहिले आणि भोकावर स्वतःच डेंटिनचा पूल बांधून मोकळे झाले. औषध नाही, स्टेम सेल नाही, काही नाही!

पल्पला स्वतःला दुरुस्त करता येतं, आपण त्याला जंतूंपासून मोकळीक देत नाही एवढंच. नव्या मुलांना मी हा प्रयोग आधी सांगतो कारण सगळ्यांना स्टेम सेल आणि बायोप्रिंटिंग (प्रिंटरने जिवंत टिश्यू छापणं) करायचं असतं आणि कॅनाल धुवायचा कंटाळा असतो. मुळात अडचण अशी आहे की डेंटिनच्या नळ्यांमध्ये खोल शिरलेले जंतू मारायला जे औषध लागतं ते पेशींनाही मारतं, आणि पेशींना सोसेल असं औषध घेतलं तर जंतू उरतात, ह्या कात्रीत हा सगळा विषय वीस वर्षं अडकलाय.

स्टेम सेल्स दातात सापडतात हे खरं?

खरं. २००० मध्ये अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत ग्रॉन्थॉस, शी आणि सहकाऱ्यांनी काढून टाकलेल्या अक्कलदाढांच्या पल्पमधून स्टेम सेल्स वेगळ्या केल्या, त्या उंदराच्या अंगात घातल्यावर डेंटिन आणि पल्पसारखी रचना तयार झाली. २००३ मध्ये ह्याच गटाने पडलेल्या दुधाच्या दातांतूनही तशा पेशी काढल्या, आणि त्या फार भराभर वाढतात असं दिसलं. ही कल्पना सोंगताओ शी यांना आपल्या लहान मुलीचा पडलेला दात बघून सुचली असं सांगतात. त्या दाताच्या आत लालसर टिश्यू अजून चिकटलेला होता. आपणही तसे दात बघितलेत की, पण कोणी लॅबमध्ये नेला नाही!

माणसांवर स्टेम सेल्स वापरून झालंय का काही?

झालंय, थोडं. तीन कामं सांगतो.

पहिलं जपानमधलं, नाकाशिमा आणि सहकारी, २०१७. पेशंट पाचच. त्यांच्या स्वतःच्या नको असलेल्या दातातून पल्पच्या स्टेम सेल्स घेतल्या, वाढवल्या आणि जी-सीएसएफ नावाच्या वाढीच्या प्रथिनाबरोबर कोलॅजनमध्ये मिसळून पल्प काढलेल्या दातात भरल्या. चार आठवड्यांनी पाचपैकी चार दातांनी इलेक्ट्रिक टेस्टला प्रतिसाद दिला. लक्षात घ्या, हे मोठ्या माणसांचे पूर्ण मुळाचे दात होते.

दुसरं चीनमधलं, २०१८, आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे. मार बसून पल्प मेलेली ४० मुलं घेतली, चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी करून ३० जणांना त्यांच्याच दुधाच्या दातातल्या स्टेम सेल्सचे गोळे कॅनालमध्ये बसवले आणि १० जणांना नेहमीचं एपेक्सिफिकेशन केलं. काही मुलं मधेच गळली, शेवटी २६ आणि १० तपासली. वर्षभराने स्टेम सेलवाल्या गटात मुळं लांब झाली, टोकं अरुंद झाली, रक्तप्रवाह दिसला, संवेदना आली. दुसऱ्या गटात ते झालं नाही. आणि त्यातल्या एका मुलाच्या त्याच दाताला परत मार बसला, दात काढावा लागला, तो कापून बघितला तर आत ओडोन्टोब्लास्ट, रक्तवाहिन्या, नर्व्ह, सगळं! त्या पोराचं दुर्दैव पण आमच्यासाठी तो काप म्हणजे सोनं, कारण चांगला चाललेला दात कोण कापून बघायला देईल?

तिसरं चिलीमधलं, २०२०. इथे मोठ्या माणसांचे दात, टोकाशी इन्फेक्शन असलेले, ३६ पेशंट, अर्ध्यांना नेहमीचं रूट कॅनाल आणि अर्ध्यांना नाळेतल्या स्टेम सेल्स प्लाझ्मामध्ये घालून. वर्षभराने दोन्हीकडे इन्फेक्शन बरं झालं, आणि स्टेम सेलवाल्या गटात जवळपास निम्म्या दातांना थंड कळायला लागलं. पेशी दुसऱ्याच्या होत्या हे महत्त्वाचं, म्हणजे दर वेळी पेशंटचाच दात शोधायला नको.

आता ह्या तिन्हींची पेशंटसंख्या मिळवा. एका शाळेच्या दोन वर्गांएवढी. त्यामुळे "सिद्ध झालं" वगैरे भाषा नको इतक्यात.

मोठ्या माणसाच्या दातात एवढं अवघड का पडतं?

दरवाजा बारीक आहे म्हणून. पूर्ण वाढलेल्या दाताला रक्त येतं ते टोकाच्या एका बारीक भोकातून, तेवढ्यातूनच नव्या रक्तवाहिन्यांनी आत शिरून १०-१२ मिलीमीटर वर चढायचं. पेशीला ऑक्सिजन मिळायचा तर रक्तवाहिनी तिच्यापासून साधारण ०.१ ते ०.२ मिलीमीटरच्या आत हवी, त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात. म्हणजे तुम्ही कॅनाल वरपर्यंत स्टेम सेल्सने भरला तरी वरच्या मजल्यावरच्या पेशी रक्त पोचेपर्यंत टिकणार कशा? पूर्वी समज होता की भोक किमान १ मिलीमीटर तरी हवं, पण कुत्र्यांच्या दातांवर २०१३ मध्ये ०.३२ मिलीमीटरच्या भोकातूनही टिश्यू आत आलेला दिसला, त्यामुळे थोडी आशा वाढली.

शिवाय वयाबरोबर टोकाशी स्टेम सेल्सचा साठा कमी, एपिकल पॅपिला तर उरलेलीच नसते, आणि इन्फेक्शन बहुतेक वेळा जुनं मुरलेलं.

पेशी बाहेरून न घालता काही करता येत नाही का?

त्याचंच नाव सेल होमिंग, पेशी घालायच्या नाहीत, बोलवायच्या. आत योग्य चौकट ठेवायची, योग्य प्रथिनं ठेवायची, पेशी टोकातून आपणहून येतील. रक्ताची गुठळी हाही त्यातलाच गावरान प्रकार म्हणा. चौकटीसाठी पेशंटच्याच रक्तातून काढलेलं पीआरएफ वापरतात, रक्त काढून लगेच सेंट्रिफ्यूजला फिरवलं की मधे पिवळसर जेलीचा थर येतो तो. फाईल फिरवून रक्तच आलं नाही, असं होतं कधीकधी, तेव्हा हे फार कामाला येतं. बाकी हायड्रोजेल आहेत, पेशी काढून टाकलेला पल्पचा सांगाडा आहे, बायोप्रिंटिंग आहे, पण हे बहुतेक अजून लॅब आणि प्राण्यांपर्यंत.

लॅबवाल्यांना मी सेल होमिंगच्या बाजूचा वाटतो, आणि आहेच. पेशी वाढवायला जी स्वच्छ लॅब लागते, परवानग्या लागतात, गोठवून ठेवणं, ने-आण, हे सगळं एका दातासाठी? ज्या दिवशी डबीतून काढून भरता येईल असं जेल येईल त्या दिवशी हा विषय घराघरात पोचेल.

ते अल्झायमरचं औषध दातावर चालतं म्हणे?

टिडेग्लुसिब. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या पॉल शार्प यांच्या गटाने २०१७ मध्ये उंदरांच्या दातात भोक पाडून कोलॅजनच्या स्पंजवर हे औषध ठेवलं, आणि आतल्या जिवंत पल्पने भोक डेंटिनने भरून काढलं. औषध अल्झायमरसाठी आधी माणसांवर तपासलेलं होतं म्हणून बातमी गाजली. पण बघा, इथे पल्प जिवंत होता. हे किडीच्या खड्ड्यासाठी आहे, मेलेला पल्प जिवंत करण्यासाठी नाही.

आणि जपानमध्ये दात उगवायचं इंजेक्शन आलंय ते?

तो पूर्ण वेगळा विषय. त्यात यूएसएजी-१ नावाचं प्रथिन अडवून अख्खा नवीन दात उगवायचा प्रयत्न आहे, २०२४ मध्ये क्योटोला माणसांवरची पहिली सुरक्षिततेची चाचणी सुरू झाली. पल्पशी त्याचा संबंध नाही, तरी दर आठवड्याला कोणीतरी ती लिंक पाठवतंच.

ट्रीटमेंट यशस्वी झाली हे कळतं कसं?

तीन पायऱ्या धरतात. पहिली, त्रास गेला आणि टोकाशी हाड भरून आलं. ही झालीच पाहिजे. दुसरी, मूळ जाड आणि लांब झालं, हे व्हावं अशी इच्छा. तिसरी, थंड किंवा इलेक्ट्रिक टेस्टला दात हो म्हणाला, झालं तर दिवाळी. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं असे एक्सरे काढत राहतात, आणि एक्सरेचा कोन जरा बदलला तरी मूळ लांब झाल्यासारखं वाटतं, तेव्हा आधीचा-नंतरचा फोटो बघून लगेच भुलू नका, कोणाच्याही.

दुसरं, थंड कळलं म्हणजे पल्प आला असंही नाही. नर्व्ह आली एवढंच कळतं. आणि मधे एमटीएचा जाड थर असल्यामुळे आत नर्व्ह असूनही टेस्ट नाही म्हणू शकते.

तोटे काय?

दात काळपट होणं हा सगळ्यात नेहमीचा, मिनोसायक्लिनमुळे आणि जुन्या करड्या एमटीएमुळे. पुढचा दात काळा पडला तर शाळेतल्या पोराला किती वाईट वाटतं, म्हणून आता मिनोसायक्लिन टाळतात किंवा नुसतं कॅल्शियम हायड्रॉक्साईड वापरतात. नंतर कॅनाल आतून कडक पदार्थाने भरत जाणं, म्हणजे पुढे कधी रूट कॅनाल करायची वेळ आली तर वाटच सापडत नाही. काही वेळा मूळ अजिबात वाढत नाही. आणि इन्फेक्शन परत येणं, कधी दोन-तीन वर्षांनी, म्हणून फॉलोअप चुकवू नका. फसलंच तर एमटीएचा बूच मारायचा रस्ता सहसा उरतो.

माझं दहा वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालंय, त्या दातात परत पल्प आणता येईल?

आज नाही. आणि दात शांत असेल तर त्याला हातही लावू नका.

मुलांचे दुधाचे दात बँकेत ठेवावेत का?

माझं मत विचाराल तर घाई करू नका. पेशी गोठवून ठेवता येतात हे खरं, चीनच्या अभ्यासात मुलाच्या स्वतःच्याच पेशी वापरल्या हेही खरं, पण त्या ठरवलेल्या ट्रायलमध्ये, गरज असताना, तेव्हाच काढून. वीस वर्षांनी बँकेतून काढून रोजच्या प्रॅक्टिसमध्ये वापरायची पद्धत अजून कुठेच बसलेली नाही. आणि जाहिरातीत डायबिटीसपासून मणक्यापर्यंत सगळं बरं होईल असं लिहिलेलं असतं तिथे तर दोन पावलं मागेच सरा. तोवर कदाचित दुसऱ्याच्या पेशी किंवा बिनपेशीचं जेलच चालायला लागेल.

मुलाच्या दाताला आत्ता मार बसलाय, ह्या सगळ्यातलं मला काय उपयोगी?

वेळ. दात अख्खा बाहेर आला असेल आणि कायमचा असेल, दुधाचा नव्हे, तर मुकुटाला, म्हणजे तोंडात दिसतो त्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका, माती असेल तर क्षणभर पाण्याखाली धरा आणि शक्य असेल तर तिथेच जागेवर बसवून पोराला रुमाल चावून धरायला सांगा. जमत नसेल तर दुधात टाका, साध्या पाण्यात नको. आणि लगेच डॉक्टरकडे.

कारण मूळ कच्चं असेल आणि दात लवकर बसला तर टोकाच्या उघड्या तोंडातून रक्तवाहिन्या आपणहून परत आत शिरू शकतात, दिवसाला साधारण अर्धा मिलीमीटर. दात नुसता तुटून मधे लाल ठिपका दिसत असेल तरी तेच, त्याच दिवशी दाखवा. तो ठिपका म्हणजे जिवंत पल्प, त्यावर थोडं एमटीए ठेवून बंद केलं तर मूळ स्वतःच पूर्ण होतं, खऱ्या डेंटिनने, खऱ्या ओडोन्टोब्लास्टकडून, आणि मग वरचं सगळं लागतच नाही.